१९६०च्या दशकातील काँक्रीटच्या इमारतीत दहा महिने: टिळकवाडीतल्या कार्यालयाचा वापरानंतरचा अनुभव

परदेशातल्या वास्तुरचनाकारांसाठी जुन्या इमारतींचे मोजणी-नकाशे काढणारे आमचे अकरा जणांचे कार्यालय गेल्या दिवाळी पाडव्याला बेळगावात टिळकवाडीतल्या एका पाच मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आले. १९६०च्या दशकातील ही इमारत कोणत्याही वारसा यादीत नाही, तरीही मालकांनी ती पाडण्याऐवजी दुरुस्त करून भाड्याने दिली. हिवाळा, उन्हाळा आणि निम्म्याहून अधिक पावसाळा तिथे काढल्यावर तो निर्णय योग्य होता असे माझे मत झाले आहे. तक्रारी मात्र आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच जातीच्या आहेत: मूळ बांधणाऱ्याने एखादी गोष्ट का केली असेल याचा विचार न करता ती जिथे ‘सुधारली’ गेली, तिथेच आम्हाला त्रास झाला.

भाडे ठरण्यापूर्वी आम्ही काँक्रीट तपासून घेण्याचा आग्रह धरला होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत गेला की त्याचा अल्कली गुण उतरतो, सळईचे संरक्षण जाते, ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे वरचे काँक्रीट फुटून पडते. जिन्याजवळच्या कॉलमचा कोपरा थोडासा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली टिकून असेल तिथेच गुलाबी होणारे रसायन) फवारले, तेव्हा बाहेरचा अर्ध्या इंचाचा थर करडाच राहिला आणि आतला भाग क्षणात गर्द गुलाबी झाला. सळई त्या गुलाबी भागात होती, म्हणजे सुरक्षित होती. जुन्या इमारतीत जागा घेणाऱ्या कोणीही रंगकाम पाहण्याआधी ही चाचणी करून घ्यावी.

पश्चिमेच्या दर्शनी बाजूला भिंतीशी काटकोनात उभ्या काँक्रीटच्या फिन, म्हणजे ऊन अडवणाऱ्या पातळ पट्ट्या, आहेत. त्या ठेवल्या, हे चांगले केले. पण त्यांच्यामागच्या उघडणाऱ्या लोखंडी खिडक्या काढून न उघडणारी काच बसवली. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे फिनची सावली माझे टेबल पूर्ण झाकत असे. मार्च-एप्रिलमध्ये चारनंतर सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला आला, आणि त्याच टेबलावर उन्हाचे चार पट्टे पडू लागले. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या १९५४ सालच्या इमारतीत वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएने पश्चिमेच्या फिन तिरक्या बसवल्या, त्याचे एक कारण टेबलावरच्या त्या पट्ट्यांनी मला पटवून दिले. आमच्या सरळ फिनची उणीव पूर्वी खिडक्यांतून वाहणारा वारा भरून काढत असावा. आता पूर्वेच्या, मूळच्याच ठेवलेल्या खिडक्यांतून आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाटच नाही. मार्चपासून पश्चिमेच्या खोलीत एसीविना बसवत नाही आणि वीज गेली की पाव तासात सगळे पूर्वेच्या खोलीत जमतात, जिथे पंख्यावर भागते.

पावसाने दुसरी खोड दाखवली. जुलैत एका सकाळी वॉचमन मामांनी फोन केला, ‘‘साहेब, पाणी आत येऊलंय.’’ सगळ्यांनी काचेच्या चौकटीभोवतीच्या सिलिकॉनला दोष दिला आणि ते दोनदा बदललेही. खरे कारण वर होते. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन इंच आत, पाणी तुटून खाली पडावे म्हणून पेन्सिलीच्या जाडीची खाच असते. कंत्राटदाराने सफाईदार दिसावे म्हणून ती पुट्टीने बुजवली होती. त्यामुळे पाणी छज्ज्याच्या पोटाला धरून थेट चौकटीपर्यंत येत होते. गवंड्याने ग्राइंडरने खाच पुन्हा पाडली आणि गळती थांबली. खर्च एका सिलिकॉनच्या फेरीपेक्षा कमी आला, हे सांगताना अजूनही राग येतो.

न उघडणाऱ्या काचेचा मोह जुना आहे. न्यूयॉर्कचे लीव्हर हाउस हे उंच कार्यालय १९५२ साली तशाच काचांनी बांधले गेले. १९८२ साली त्याला वारसा दर्जा मिळाला, पण काचेमागे पाणी शिरून पोलाद गंजत, फुगत आणि काचा तडकत राहिल्या, आणि अखेर बाहेरच्या काचेच्या आवरणाचा सगळा पडदा मूळच्यासारखाच दिसेल असा नव्याने बसवावा लागला. जुन्याला हातच लावू नये असे माझे म्हणणे नाही. मँचेस्टरच्या १९६२ सालच्या सीआयएस टॉवर या विमा कंपनीच्या इमारतीच्या सेवा-मनोऱ्यावरचे (लिफ्ट-जिन्यांच्या भागावरचे) मोझॅक लवकरच निखळू लागले होते. इमारत १९९५ साली संरक्षित झाली, तरीही पुढे त्या मनोऱ्यावर सौर पॅनेल चढवली गेली. तिथे बदलाला कारण होते.

बाकीचे थोडक्यात सांगतो. मोझॅक फरशीवर टाइल न चढवता तिला पॉलिश केले आहे आणि दहा महिन्यांच्या वर्दळीनंतरही ती उत्तम आहे. स्लॅब आणि बीम फोडण्याऐवजी वायरिंग उघड्या पाइपांतून नेले आहे, त्यामुळे नवा पॉइंट तासाभरात मिळतो. फॉल्स सीलिंगने खोलीची अकरा फुटांची उंची साडेआठवर आणली आहे. ते नसते तर बरे झाले असते. लिफ्ट जिन्याच्या मागे बसवल्यामुळे ती दोन मजल्यांच्या मधल्या लँडिंगवर थांबते आणि तिथून अकरा पायऱ्या उरतात. खानापूरहून येणारे आमचे एक वयस्कर ग्राहक त्यामुळे खाली वॉचमनच्या खुर्चीवरच बसतात आणि नकाशे आम्ही तिथे नेतो.

करार आणखी तीन वर्षांनी वाढवताना पश्चिमेच्या निदान दोन काचा उघडणाऱ्या कराव्यात अशी अट आम्ही घातली आणि मालकांनी ती मान्य केली. लिफ्टबाबत मात्र त्यांनी अजून काही लिहून दिलेले नाही.