सगळं तपासलं, मालक सोडून

सोसायट्यांचे हिशोब लिहिणं हा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय. दादर, माहीम, प्रभादेवी मिळून नऊ सोसायट्या आहेत. व्हाउचरला बिल जोडलेलं नसलं की मी पेन्सिलीने कडेला ‘बिल?’ असं लिहून ठेवते आणि खजिनदाराचं डोकं खाते, मग ते प्लंबरचे साडेतीनशे रुपये का असेनात. त्याच बाईने २०२५ च्या मे महिन्यात लॅमिंग्टन रोडवर, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, एका वापरलेल्या लॅपटॉपचे १८,५०० रुपये मोजले आणि बदल्यात ‘एस्टिमेट’ छापलेली एक गुलाबी चिठ्ठी पर्समध्ये टाकून घरी आली. माती कशी खाल्ली ते सविस्तर सांगते, कारण मी काही डोळे मिटून गेले नव्हते. चांगली तयारी करून गेले होते, आणि त्या तयारीनेच घात केला.

माझा जुना नेटबुक, म्हणजे छोटेखानी लॅपटॉप, २००९ च्या दिवाळीतला. दहा इंची पडदा, इंटेलचा अ‍ॅटम एन २७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, १६० जीबीची डिस्क आणि विंडोज एक्सपी. पडदा इतका बुटका की काही खिडक्यांचं ‘ओके’ बटण खाली पडद्याबाहेर जायचं. मग ते न दिसताच अंदाजाने एन्टर मारायचा. पण शबनममध्ये मावायचा, लोकलमध्ये मांडीवर बसायचा, आणि यूएसबीचा वेगळा नंबरपॅड लावला की एंट्र्या भराभर व्हायच्या. बॅटरी केव्हाच गेली होती, चार्जर काढला की दिवा मालवल्यासारखा बंद. तरी मी ढकलत होते. मग एका सोसायटीने टॅलीप्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फक्त ६४ बिटच्या विंडोजवर चालतं आणि एन २७० हा ३२ बिटचा प्रोसेसर. तिथे विषय संपला.

पुण्याचा माझा भाचा म्हणाला, “मावशी, टॅब घे, वजनाला हलका.” बघितले. पण टॅली टॅबवर थेट चालत नाही, आणि काचेवर बोट आपटून दिवसाला दोनशे एंट्र्या करणं हे माझं वय नव्हे. वर कीबोर्डचं कव्हर वेगळं घ्यायचं, म्हणजे किंमत लॅपटॉपच्या जवळ जाते. मोठ्या शोरूममधले सगळ्यात स्वस्त नवे लॅपटॉपही पाहिले. त्यांत ४ जीबी रॅम, डिस्कच्या जागी ६४ जीबीची ईएमएमसी चिप, आणि दोन्ही बोर्डावरच डकवलेलं, पुढे वाढवता येत नाही. त्या ६४ जीबीतली बरीचशी जागा विंडोजच खातं, उरलेल्यात अपडेटचं भांडण.

म्हणून वापरलेला पण चांगल्या जातीचा बिझनेस लॅपटॉप घ्यायचं ठरलं. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात ते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप स्वस्तात पुढे केले जात होते. भाच्याने पिढी ओळखायला शिकवलं. आय ५-८३५०यू असं लिहिलेलं असेल तर रेघेनंतरचा आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. आय ७-६६००यू म्हणजे सहावी. ‘आय ७’ ऐकून हुरळायचं नाही. शिवाय सेटिंग्जमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नाव विंडोजच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे आतल्या नोंदींतून, बदलता येतं, म्हणून त्याने सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून दिलं. ते थेट प्रोसेसरलाच नाव विचारतं.

शनिवारी दुपारी ग्रँट रोडला उतरले. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच आहे. (रिक्षावाला आपला उपनगरातला हो, इथे टॅक्सी.) एका गाळ्यात तीन-चार काउंटर होते, त्यांतल्या एकावर पंचविशीतला मुलगा. मी मराठीत विचारल्याबरोबर त्याने चेहरा खुलवला. “काकू, तुमी खंयच्या?” मी देवगड म्हटलं. तो म्हणे कणकवलीचा. झालं, मी निम्मी तिथेच विरघळले. कणकवलीचा होता का नव्हता, देव जाणे.

त्याने लेनोवोचा थिंकपॅड एक्स २८० काढला. साडेबारा इंची, सव्वा किलोच्या आसपास, शबनममध्ये बरोबर बसला. मी व्हाउचरच्या कोऱ्या पाठीवर लिहून आणलेली यादी काढली आणि अर्धा तास त्याला पिडलं. सीपीयू-झेडने ८३५०यू दाखवला. ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, दोन्ही खरं. नोटपॅड उघडून एकेक कळ दाबली. पांढरा पडदा करून काळे ठिपके शोधले. काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा दिली की मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी येतात. इथे ४८,००० च्या जागी ३९,००० होती. पाच-सहा वर्षांच्या मशीनला उत्तमच. मुलगा हसून म्हणाला, “काकू, तुम्ही इंजिनीअर आहात काय?” मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता त्याच अर्ध्या तासात नाकासमोर काय काय होतं ते ऐका.

लॅपटॉप उलटा केला तेव्हा तळाशी एक चिकट चौकट होती, बस पासाच्या निम्म्या आकाराची. स्टिकर काढल्यावर डिंक राहतो तशी, त्यावर काळी धूळ बसलेली. मी घरी आल्यावर कापसाने खोबरेल तेल लावून ती स्वच्छ पुसली. कंपन्या आपल्या प्रत्येक मशीनला मालमत्तेचा क्रमांक चिकटवतात, आणि मी सोसायटीच्या खुर्च्यांवर स्वतः असे क्रमांक रंगवून घेतलेली बाई. पण तेव्हा डोक्यात फक्त ‘किती घाण’ एवढंच आलं.

दुकानात वायफाय मागितलं तर “नेट डाऊन आहे, घरी जोडा.” जाताना त्याने तीन-तीनदा बजावलं, “अपडेट मी बंद ठेवलेत, चालू करू नका. आणि रिसेट कधीच मारायचा नाही, सॉफ्टवेअरची गॅरंटी जाते.” मला वाटलं, काळजीने सांगतोय.

बिल मागितलं. मागितलं बरं का! तो म्हणाला, पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर, म्हणजे ३,३३० जास्त. “तुम्हाला कुठे क्रेडिट घ्यायचंय, काकू?” क्रेडिट म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट. हे वाक्य त्याला कोणी शिकवलं असेल ते असो, हिशोबनिसाला गप्प करायला याहून नेमकं वाक्य नाही. मी गप्प बसले. एस्टिमेटवर ‘लॅपटॉप १ नग’ आणि रक्कम, ना सिरीयल नंबर ना जीएसटी नंबर. पाचशे यूपीआयने दिले तेव्हा मोबाइलवर आलेलं नाव पाटीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. उरलेले अठरा हजार रोख, कारण “क्यूआरची लिमिट संपली.”

चार महिने लॅपटॉप लोण्यासारखा चालला. सगळ्यांना दाखवत फिरले. आमच्या एका सेक्रेटरींना तर ‘असाच घ्या’ म्हणून सल्लाही दिला. नशीब त्यांनी घेतला नाही.

१० सप्टेंबर, बुधवारची रात्र. २८ तारखेला एका सोसायटीची वार्षिक सभा होती. सप्टेंबरअखेरच्या आत ती घ्यावीच लागते आणि नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी जावी लागते. ताळेबंद छापायला घेतला तर प्रिंटर जोडला जाईना, विंडोज सारखं अडकायला लागलं. भाचा फोनवर म्हणाला, रिसेट मार, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने मांडलं जाईल. मला त्या पोराचं वाक्य आठवलं, पण गॅरंटी तरी कसली उरली होती! टॅलीचा बॅकअप रविवारचा पेनड्राइव्हवर होता. दिला रिसेट.

देश विचारला, भारत. कीबोर्ड विचारला. वायफायचा पासवर्ड घातला. थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि मग पडद्यावर एका मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह आलं. त्याखाली इंग्रजीत त्या कंपनीतर्फे स्वागत आणि ऑफिसचा ईमेल टाकायची चौकट. पुढे जायला बटण नाही, मागे जाऊन पुन्हा तेच. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोणी परकी कंपनी माझं स्वागत करत होती. सोमवार ते बुधवारच्या एंट्र्या गेल्या त्या गेल्याच.

भाच्याने समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मोठ्या कंपन्या मायक्रोसॉफ्टची ऑटोपायलट नावाची सोय वापरतात. त्यात लॅपटॉपच्या अंगची ओळख मायक्रोसॉफ्टकडे कंपनीच्या खात्यावर नोंदलेली असते. डिस्क पुसा, विंडोज नव्याने घाला, सुरुवातीच्या मांडणीत इंटरनेट मिळालं की मशीन आपल्या मालकाचं नाव घेतं. त्या मुलाने इंटरनेट न जोडता विंडोज मांडून दिलं होतं, म्हणून चार महिने ते मुकं राहिलं. ही नोंद कंपनीनेच काढायची असते. सचोटीचा व्यवहार असेल तर विकण्याआधी काढतात. मग भाच्याने मला चालू करताना एफ १ दाबायला सांगितलं. त्याने बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीची मशीनची मूळ मांडणी, उघडते. तिनेही पासवर्ड मागितला. हे मला दुकानात दहा सेकंदांत कळलं असतं.

म्हणजे माझ्या यादीतल्या एकाही प्रश्नाला तो खोटं बोलला नाही. प्रोसेसर खरा, रॅम खरी, बॅटरी खरी. मशीन कोणाचं, हा प्रश्न यादीत नव्हता. घर घेताना आपण नळाला पाणी येतं का ते बघतो पण आधी इंडेक्स टू, म्हणजे मालकाच्या नावाचा नोंदणीचा उतारा, मागतो. इथे मी नुसते नळ सोडून बघत बसले.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोड गाठला. काउंटरवर मोबाइलची कव्हरं लटकत होती. शेजारचा म्हणाला, तो महिन्याच्या भाड्यावर होता, गणपतीला गावी गेला, ऑगस्टअखेर जागा सोडली. फोन बंद. माझा चेहरा पाहून तिथलाच एक जण पुढे आला, “आंटी, अनलॉक कर के देता हूँ, पंधरा सौ.” मोह झाला. पण माल चोरीचा आहे असं वाटायला कारण असतानाही ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा ठरू शकतो. शिवाय तो काय बदलणार आणि आत काय टाकणार याची हमी कोण देणार? माझ्याकडे नऊ सोसायट्यांचे खातेक्रमांक आहेत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पहिला प्रश्न, बिल आहे का. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नसते आणि दोन वर्षांची मुदत असते, हे सगळं मला पाठ आहे. पण तक्रार कोणाच्या नावाने करू? पाचशे रुपयांचा यूपीआय व्यवहार क्रमांक, एस्टिमेट आणि सिरीयल नंबर जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला.

त्याच दिवशी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका दुकानात शिरले, घ्यायला नव्हे, चिडून. त्यांच्याकडचा एक वापरलेला लॅपटॉप दाखवून म्हटलं, हा माझ्यासमोर रिसेट करा, वायफाय लावून. गल्ल्यावरच्या काकांनी भुवया वर केल्या, पण केला. अर्धा तास लागला, चहा पाजला. शेवटी साधं नेहमीचं विंडोज उघडलं, कोणाचंही स्वागत नाही. बायोस पासवर्डाशिवाय उघडलं. बिलाचा नमुना दाखवला, त्यात सिरीयल नंबर आणि २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर होता. तो नंबर मी तिथेच उभी राहून जीएसटीच्या पोर्टलवर घातला, दुकानाचं नाव जुळलं. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडूनच घेतला, बावीस हजारांना, करासकट.

थिंकपॅडच्या तळाचा सिरीयल नंबर घालून मी पडद्यावर बोधचिन्ह आलेल्या कंपनीला ईमेल केला होता. चार दिवसांनी उत्तर आलं. ते मशीन नोकरी सोडून गेलेल्या कोणा कर्मचाऱ्याने परत न केलेल्यांच्या यादीत होतं. नोंद काढता येणार नाही, कृपया आणून द्यावं. पोलीस ठाण्यात तसं कळवून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अंधेरीला जाऊन दिलं. रिसेप्शनवरच्या मुलीने लॅपटॉप उलटा केला, तळ निरखला आणि म्हणाली, “मॅडम, आमचा टॅग कुठेय?” मी म्हटलं, तेल लावून पुसला. तिने कंपनीच्या लेटरहेडवर पोचपावती दिली. मॉडेल, सिरीयल नंबर, तारीख, सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. ती मी त्या गुलाबी एस्टिमेटला टाचणीने लावून ठेवली आहे.