नवा ऑइल पंप, आठ महिने, ११ हजार किलोमीटर: आधी जाळी बघा

डिसेंबरात गाडीचा ऑइल पंप (इंजिनभर ऑइल फिरवणारा) बदलला तेव्हाच हा अनुभव लिहायला बसलो होतो आणि पंपाला पैकीच्या पैकी गुण देणार होतो. लिहिलं नाही ते बरंच झालं.

गाडी २०१३ची, १.२ लिटर पेट्रोल, १ लाख १८ हजार पळालेली. खंबाटकी चढून आनेवाडीच्या टोलनाक्यावर थांबलं की ऑइलचा दाब कमी झाल्याचा दिवा लुकलुकायचा. जरा रेस दिली की गायब. सर्व्हिस सेंटरने इंजिन उतरवायला सांगितलं, खर्च ५२ हजार. मी नको म्हटल्यावर नेहमीच्या पातळ ५डब्ल्यू-३० ऑइलच्या जागी घट्ट २०डब्ल्यू-५० भरून दिलं. दिवा गेला, मी खूश. पण महिन्याभरात सकाळी गाडी सुरू करताना तीन-चार सेकंद टॅपेट (इंजिनच्या माथ्यावरचे, व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजायला लागले आणि अ‍ॅव्हरेज १७ वरून १५.५ वर आलं. घट्ट ऑइल ढकलायला पंपाला जास्त ताकद लागते, आणि ती माझ्याच पेट्रोलमधून जाते. वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या माथ्यापर्यंत, ऑइल उशिरा पोचतं ते वेगळंच.

शेवटी वाईच्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पुन्हा ५डब्ल्यू-३० भरलं, दिव्याचा स्विच काढून तिथे दाब मोजायचा गेज लावला. गरम इंजिन, आयडलला (रेस न देता) फक्त ०.४ बार. नवा पंप ३,४०० चा, मजुरी ४,५००, कारण टायमिंग कव्हर उघडावं लागतं. काम झाल्यावर गेज १.१ वर, अ‍ॅव्हरेज परत १७. सहा महिने काही तक्रार नाही.

जुलैत दिवा पुन्हा लागला. पंपाच्या दुकानदाराशी मी फोनवर भांडलो. मग चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) खोललं, तर पंप जिच्यातून ऑइल ओढतो त्या जाळीला सिलिकॉनच्या (सांधा बंद करायच्या पेस्टच्या) शेवया चिकटलेल्या! डिसेंबरात चेंबर परत बसवताना कडेला बोटभर जाड सिलिकॉन ओढलं होतं. बोल्ट आवळले की ते जितकं बाहेर येतं तितकंच आतही येतं. बाहेरचं आपण पुसतो. आतलं सुटतं आणि थेट जाळीवर जाऊन बसतं. याचा मला अजून राग आहे. शंभर-दीडशे रुपयांची ट्यूब, आणि तिच्यापायी अख्खं इंजिन पणाला.

पंप पुढच्या बाजूला ४-५ बारपर्यंत दाब सहज देतो. मागच्या बाजूला मात्र त्याच्या हातात काही नसतं. तो पोकळी करतो आणि चेंबरमधल्या हवेच्या दाबाने ऑइल वर चढतं. तो दाब साधारण १ बारच. जाळी अर्धी बुजली की पंप कितीही नवा असला तरी उपाशीच फिरणार. घट्ट ऑइल त्याची उपासमार आणखी वाढवतं.

जुना पंप मी पिशवीत घालून घरी आणला होता. आता संशय आला म्हणून त्यावर पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) घातला: रोटरची, म्हणजे पंपाच्या आत फिरणाऱ्या भागाची, बाजूची फट ०.०८ मिमी. मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.१५. म्हणजे जुना पंप ठणठणीत होता! डिसेंबरात फरक पडला तो मिस्त्रींनी चेंबर खोललं तेव्हा जाळी पेट्रोलने धुतली म्हणून. माझे ३,४०० विनाकारण गेले.

या वेळी मी स्वतः शेजारी उभा राहिलो. दोन्ही पृष्ठभाग खरवडून कोरडे केले, सिलिकॉनची २-३ मिमीची एकच बारीक रेघ, बोल्टच्या भोकांच्या जागी आतल्या अंगाने, आणि ऑइल दुसऱ्या दिवशी भरलं. मजुरी ९००. गरम आयडलला गेज १.२ दाखवतो. गेल्या आठवड्यात भर दुपारी खंबाटकी चढलो, आनेवाडीला दहा मिनिटं रांगेत होतो, दिवा लागला नाही.

पंपाच्या दुकानदाराकडे परवा जाऊन सांगून आलो की पंप चांगला आहे, चूक माझी होती.