कांतियों की बोन? ग्यूझ घेताना

ब्रसेल्सला येणारं ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की एकच ग्यूझ, म्हणजे इथली आंबट बिअर, प्यायची तर कांतियोंची घ्यावी की बोनची? विचारणाऱ्याला लॅम्बिक म्हणजे हवेतल्या यीस्टवर आंबणारी बिअर, त्यात बाहेरून यीस्ट घालत नाहीत, एक-दोन-तीन वर्षं मुरलेली पिंपं एकत्र करून ग्यूझ बनते, हे बहुतेक ठाऊक असतं. म्हणून ते सगळं सोडून देतो.

दोन्ही ब्रुअऱ्या घरच्या माणसांच्या हातात आहेत. कांतियों १९०० पासून ब्रसेल्सच्या अँडरलेख्ट भागात आहे. पुढे घरचे जावई झाँ-पिएर व्हान रॉय यांनी ती सांभाळली आणि आता त्यांचा मुलगा झाँ बघतो. बोनचं गाव लेम्बेक, ब्रसेल्सच्या दक्षिणेला, सेन नदीच्या काठी. फ्रँक बोन यांनी तिथली द व्हित्स यांची जुनी ब्रुअरी घेतली, आणि आज त्यांचे मुलगे योस आणि कारेल धंदा चालवतात. सत्तरच्या दशकात बहुतेकांनी ग्यूझमध्ये साखर घालून ती खपवायला सुरुवात केली होती. आंबट ग्यूझ पिणारं गिऱ्हाईक संपत चाललंय असंच तेव्हा वाटत होतं. त्या काळात ही दोन घराणी जुन्या पद्धतीला धरून राहिली, यासाठी मला दोघांबद्दल सारखाच आदर आहे.

कांतियोंची ग्यूझ पहिल्या घोटालाच अंगावर येते. मीठ न लावता खाल्लेली कैरीची फोड दाताला जशी झोंबते, तशी ती झोंबते. मग मागून ओल्या लाकडाचा आणि तळघराचा वास वर येतो. हा वास कुठून येतो ते जाऊन बघण्यासारखं आहे. छपराखाली तांब्याची रुंद, उथळ टाकी आहे. उकळलेला धान्याचा रस रात्रभर तिच्यात उघडा पडून असतो आणि हवेतले जिवाणू त्यात उतरतात. खाली पिंपांच्या दालनात कोळ्यांची जाळी मुद्दाम झाडत नाहीत, कारण फळांवर येणाऱ्या माश्या कोळीच आवरतात. रस रात्रभरात नीट निवायला हवा, म्हणून सगळं थंडीवर अवलंबून आहे. २०१५ चा नोव्हेंबर उबदार गेला, तेव्हा कांतियोंनी काम थांबवलं आणि काढलेला माल ओतून दिला. इतकी निष्ठा असलेली जागा ब्रसेल्सला जाऊन न बघता परत येऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगतो.

बोनची 'आउडे ग्यूझ' शांत आहे. तिच्यात सुमारे ९० टक्के दीड वर्षाची मवाळ लॅम्बिक असते, ५ टक्के तीन वर्षांची जोरकस आणि ५ टक्के अगदी कोवळी. बाटलीत पुन्हा फेस धरायला लागणारी साखर ही कोवळी लॅम्बिक पुरवते. मोठ्या ओक पिंपांमुळे चवीला एक गोलाई येते, निदान मला तरी ती जाणवते. आंबटपणा आहेच, पण तो जेवणाच्या आड येत नाही. ७ टक्के अल्कोहोल असल्यामुळे कांतियोंपेक्षा ती थोडी चढी आहे, तेवढं भान ठेवावं.

नुसती चव बघून निवडायला सांगितलं असतं, तर मी कदाचित आजही दोन्हीकडे झुकत राहिलो असतो. माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे. कांतियों लहान आहे आणि मागणी जगभरातून आहे, त्यामुळे बाटली सहज हाती लागत नाही. शोधाशोध करावी लागते, दुकानदार माणशी एकच देतो, कुठे तरी दुप्पट-तिप्पट दाम सांगतात. एवढं करून घरी आणलेली बाटली मग उघडवत नाही. आज जेवायला साधीच आमटी आहे, म्हणून राहू दे. पाहुणे आलेत, पण त्यांना आंबट रुचेल की नाही कोण जाणे, म्हणून राहू दे. असे महिने जातात. शेवटी उघडली, तरी प्रत्येक घोटाला 'हा तेवढ्या मोलाचा आहे का' हाच हिशेब डोक्यात चालू असतो. ब्रसेल्स आणि आसपासच्या खेड्यांत कामावरून परतलेली माणसं गुत्त्यात बसून जी रोज प्यायची, ती बिअर अशी धाकात प्यायला मला नको वाटतं.

बोन मात्र बेल्जियममधल्या साध्या सुपरमार्केटात दूध-पावाबरोबर मिळते, आणि ३७५ मिलिलिटरच्या लहान बाटलीतही मिळते. एकटा असलो तरी आठवड्यातल्या कुठल्याही संध्याकाळी मी ती उघडतो. ब्रेडवर मऊ पांढरं चीज, मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात, हा ब्रसेल्सचा जुना जोड तिच्याबरोबर फार छान लागतो. घरी तळलेल्या मासळीबरोबरही तिची गट्टी जमते. तेलकटपणा कापते आणि मसाल्याची चव मारत नाही. कांतियोंबरोबर तीच मासळी मला जरा फिकी पडल्यासारखी वाटली. आंबटाची सवय जास्त असलेल्यांचं मत वेगळं असू शकेल.

कांतियोंचे चाहते म्हणतात की तिची प्रत्येक खेप वेगळी असते आणि खरी मजा त्यातच आहे. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. तसा शोध घ्यायची हौस असेल आणि तळघरात बाटल्या वर्षानुवर्षं ठेवायला जागा असेल, तर डोळे झाकून कांतियों घ्यावी. घरात कायम एक असावी, एवढंच ज्याला हवं आहे, त्याने बोन घ्यावी.

भारतात परतताना शुल्काशिवाय दारू आणायला दोन लिटरची मर्यादा असते. बोनच्या लहान पाच बाटल्या म्हणजे १.८७५ लिटर, त्या बरोबर बसतात. प्रवासात गाळ ढवळला जातो, म्हणून घरी पोचल्यावर बाटल्या दोन-तीन दिवस उभ्या ठेवाव्यात, मग थंड कराव्यात आणि ग्लासात सावकाश ओताव्यात. कांतियोंची मात्र अँडरलेख्टलाच, पिंपांच्या शेजारी बसून प्यावी.