एमिली डिकिन्सनचं हर्बेरियम: टॅबवर सात महिने बघितल्यानंतर

आधीच सांगते, यात विकत घेण्यासारखं काही नाही. हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयाने अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या हर्बेरियमची, म्हणजे दाबून वाळवलेली झाडं चिकटवलेल्या वहीची, 66 पानं स्कॅन करून नेटवर फुकट ठेवली आहेत. मूळ वही फार नाजूक झालीय. मी झोपण्याआधी दोन पानं बघते. सध्या सातवी फेरी चालू आहे.

मोबाइलवर बघू नका, झाडांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. माझा जुना टॅबही झूम केला की अडकतो, म्हणून पानं उतरवून ठेवली.

बी.एस्सी.ला बॉटनी होती, त्यामुळे पहिल्या फेरीत फक्त चुका दिसल्या. देठाच्या बुडाशी बारीक चिठ्ठी, त्यावर लॅटिन नाव आणि लिनियसच्या वर्गीकरणात ते झाड कुठे बसतं ते सांगणारे आकडे, बस. झाड कुठे सापडलं, कुठल्या तारखेला, हे मला तरी कुठे दिसलं नाही. आमच्या सरांनी असलं सबमिशन तोंडावर फेकलं असतं. (माझ्या शीट्स कॉलेजने परत दिल्याच नाहीत, तो राग वेगळा.) पण मांडणी बघा! एकेका पानावर लहानमोठी झाडं अशी बसवलीत की कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. 424 नमुने, आणि पोरगी चौदाएक वर्षांची. मे 1845 मध्ये अबाया रूट या मैत्रिणीला ती पत्रातून विचारते, तू हर्बेरियम केलंस की नाही, इथे बहुतेक सगळ्या मुली करताहेत. म्हणजे तेव्हाची फॅशनच. पुढच्या आयुष्यातली एमिली, पांढऱ्या कपड्यातली, घराबाहेर न पडणारी बाई डोक्यात घेऊन आले होते, आणि भेटली ती ही रानोमाळ हिंडणारी.

तिसऱ्या फेरीपासून सोबत घरची हकिकत वाचायला लागले, तेव्हा वही वेगळीच दिसायला लागली. आजोबा सॅम्युएल फाउलर डिकिन्सन यांनी अ‍ॅमहर्स्ट कॉलेज उभं करण्यात इतका पैसा ओतला की स्वतः बुडाले आणि 1833 मध्ये ओहायोला निघून गेले. त्यांनी बांधलेलं विटांचं घर दुसऱ्याच्या हाती गेलं. एमिली 1830 मध्ये त्याच घरात जन्मलेली. वडील एडवर्ड वकील, आजोबांच्या त्याच कॉलेजचे खजिनदार! त्यांनी 1855 मध्ये घर परत विकत घेतलं. त्याआधीची पंधरा वर्षं कुटुंब दुसऱ्या घरात राहिलं आणि शेजारी होती दफनभूमी. अंत्ययात्रा घरातून दिसायच्या. 1844 मध्ये सोफिया हॉलंड ही दूरच्या नात्यातली, बरोबरीची बहीण वारली; एमिली इतकी खचली की तिला बॉस्टनला मावशीकडे पाठवलं. वर्षभराने अबायाला लिहिलेलं ते हर्बेरियमचं पत्र. यातला धागा मी जोडलेला आहे, पुरावा मागू नका. पण मेलेलं फूल इतक्या निगुतीने चिकटवणारी मुलगी मला आता नुसती हौशी वाटत नाही.

1847 मध्ये ती माउंट होल्योक या मुलींच्या शिक्षणसंस्थेत शिकायला गेली आणि जेमतेम एक शैक्षणिक वर्ष राहिली. तो भाग मी भराभर वाचला.

पहिल्याच पानावर जास्मिनम आहे, आपल्या जुईच्या गोतातलं. ते बघून सोसायटीच्या कुंपणावरची जुई जुन्या शब्दकोशात दाबून ठेवली. एमिलीची पावणेदोनशेहून जास्त वर्षं टिकलीय. माझी चौथ्या दिवशी काळी पडली. टीपकागद बदलायला विसरले.