पूरपथकासाठी परवानामुक्त वॉकीटॉकी: सेट घ्या, खोक्यावरची रेंज विसरा

पावसाळा तोंडावर आला की गावची पूरपथकं, गणेश मंडळं, नदीकाठच्या सोसायट्या वॉकीटॉकीची चौकशी सुरू करतात. त्यात वावगं काही नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आधी वीज गेली, मग मोबाइलही मान टाकू लागले. ज्यांच्यावर माणसं बाहेर काढायची जबाबदारी होती, त्यांनाच एकमेकांचा पत्ता लागेना. हे परीक्षण अशा पथकांसाठी आहे: १५ ते २५ माणसं, एक-दोन बोटी, एक शाळा किंवा मंगल कार्यालय निवाऱ्यासाठी, आणि बजेट बेताचं.

परीक्षण एका कंपनीचं नाही, ४४६ मेगाहर्ट्झच्या छोट्या परवानामुक्त सेटचं आहे. या वर्गातले बहुतेक सेट आतून सारखेच असतात. फरक पडतो तो बॅटरी, पाण्यापासूनचं संरक्षण आणि बटणांच्या दर्जात.

आधी कायद्याचं उरकू. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा हातातल्या कमी शक्तीच्या सेटसाठी २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. या सेटची शक्ती अर्धा वॅट. परवाना लागत नाही म्हणजे काहीही चालतं असं नाही. सेटच्या मॉडेलला दूरसंचार विभागाची ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकाराची मान्यता लागते. दुकानदाराकडे ईटीए क्रमांक मागा. तो गडबडला तर दुसरं दुकान बघा. बाजारात पाच वॅटचे, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त सेट ढिगाने मिळतात. बाओफेंगचा यूव्ही-५आर त्यातला सगळ्यात ओळखीचा. यंत्र म्हणून तो वाईट नाही, पण हॅम (हौशी रेडिओ) परवान्याशिवाय त्यावर बोलणं बेकायदा आहे. शिवाय चुकून पोलिसांच्या किंवा अग्निशमन दलाच्या वायरलेसवर तुमचा गोंगाट गेला तर मदत करायला निघालेला माणूस अडथळा ठरतो. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेले ४६२ मेगाहर्ट्झचे जोडसेटही इथे चालत नाहीत. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानुसार सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो हे जाहिरातीत स्पष्ट हवं. ज्या पानावर ते नाही, ते पान बंद करा.

आता रेंज. खोक्यावर १० किलोमीटर लिहिलेलं असतं, आणि गंमत म्हणजे कागदावर हिशोब बरोबर येतो. सपाट माळावर दोन माणसं दीड-दीड मीटर उंचीवर सेट धरून उभी राहिली, तर त्यांच्यामधलं रेडिओ क्षितिज साधारण दहा किलोमीटरच भरतं. पण तुमचं गाव सपाट माळ नाही. आरसीसीच्या इमारती, पत्र्याची गोदामं, पुरुषभर वाढलेला ओला ऊस, ओढ्याचा खोलगट भाग, यातलं काहीही मध्ये आलं की अर्ध्या वॅटची ताकद तिथेच जिरते. गावठाणात एक ते दोन किलोमीटर धरून चाला. दाट वस्तीत त्याहून कमी.

रेंज वाढवायचा एकच वैध मार्ग म्हणजे उंची. अँटेना बदलणं, शक्ती वाढवून घेणं हे उद्योग नकोत; तसं केलं की सेट परवानामुक्त राहत नाही. नियंत्रणाचा सेट १२ मीटर उंच गच्चीवर नेला की तेच क्षितिज १९ किलोमीटरच्या आसपास जातं. तेवढं अंतर गाठता येणार नाहीच, पण मधले अडथळे ओलांडले जातात. म्हणून नियंत्रण कक्ष ग्रामपंचायतीच्या तळमजल्यावर खुर्च्या मांडून थाटू नका. बोलणारा माणूस गच्चीवर किंवा पाण्याच्या टाकीजवळ, ताडपत्रीखाली बसवा.

छोट्या सवयींचाही फरक पडतो. कमरेला लटकवलेला सेट अंगामुळेच बराच आवाज गमावतो; बोलताना आणि ऐकताना तोंडाच्या उंचीवर, अँटेना उभी. आवाज फाटला तर अर्धं पाऊल इकडेतिकडे सरका. या लहरींची लांबी ६७ सेंटीमीटर आहे, त्यामुळे हातभर जागा बदलल्यानेही मेलेला सेट बोलू लागतो. तरीही ऐकू येत नसेल तर मध्ये एक माणूस उभा करा, जो निरोप शब्दशः पुढे सांगेल. शब्दशः म्हणजे शब्दशः, स्वतःची भर न घालता.

घेताना चार गोष्टी पाहा. पाण्याचं संरक्षण आयपी६७ असेल तर सेट एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. आयपी५४ म्हणजे फक्त शिंतोडे. बोटीवरच्या माणसाला तो देऊ नका, आणि द्यावाच लागला तर झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत घालून द्या, बोलणं आरपार जातं. बॅटरी काढता येणारी हवी. ज्या सेटला फक्त स्वतःच्या स्टँडवरच चार्ज करावं लागतं तो पुरात दुसऱ्या दिवशी खेळणं होतो. टाइप-सीने पॉवर बँकवर चालणारा किंवा बारीक पेन्सिल सेल घेणारा निवडा. कंपनीचे तासांचे आकडे ५-५-९० या मापाने काढलेले असतात: ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के शांतता. पुरात कोणी ९० टक्के शांत बसत नाही, तेव्हा छापलेल्या तासांचे निम्मेच धरा. तिसरं, बोलायचं बटण मोठं आणि कडक हवं, ओल्या हातमोज्यातून दाबता येईल असं. चौथं, टाइमआउटची सोय. कोणाचं बटण खिशात दाबलं गेलं तर सगळ्या पथकाचा चॅनेल तुंबतो. साठ सेकंदांचा टाइमआउट लावला की सेट आपोआप गप्प होतो.

सेट हातात आल्यावर बंद करायच्या गोष्टी जास्त आहेत. आवाजाने आपोआप सुरू होणारं व्हीओएक्स बंद, कारण पावसाच्या आवाजानेही ते सुरू होतं. प्रत्येक बोलण्यानंतरची बीप बंद. कीपॅडला कुलूप. आणि «प्रायव्हसी कोड» शून्यावर. या कोडने गुप्तता अजिबात येत नाही. कोड लावलेला सेट फक्त त्याच कोडचा आवाज ऐकतो, एवढंच. शेजारच्या क्रेनवाल्याचं किंवा मंडपवाल्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचं मात्र त्याला येतं. कोड लावून ठेवले की नेहमीचा घोळ असा: आठ सेटांतल्या एकाचा कोड चुकून बदलतो. समजा तो शून्यावर गेला. त्या माणसाला सगळ्यांचं ऐकू येतं, पण त्याचं कोणालाच येत नाही. तो ओरडतो, बाकीचे समजतात तो झोपलाय. आणि गुप्तता नाहीच, म्हणून मृतांची नावं, घरातल्या एकट्या बायकांचे पत्ते हे या सेटवर बोलायचंच नाही.

इथवर सेटबद्दल. खरं परीक्षण बोलण्याचं आहे, आणि त्यात मराठी बोलणाऱ्यांना एक जादा सापळा आहे.

बटण दाबल्यावर सेटला सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. दाबताक्षणी बोललं की पहिलं अक्षर-दोन अक्षरं कापली जातात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. घाईत कोणी «पंचेचाळीस फूट» म्हणाला आणि «पंचे» कापलं गेलं, तर पलीकडे «चाळीस फूट» पोचतं. धोक्याची पातळी इशाऱ्याची होते. दुसऱ्या टोकाला याच्या उलट. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. «बोट निघाली नाही» म्हणताना बटण जरा लवकर सुटलं की ऐकणाऱ्याला मिळतं «बोट निघाली».

उपाय सोपे आहेत, पण घोकून घ्यावे लागतात. बटण दाबा, मनात «एक» म्हणा, मग बोला; बोलून झाल्यावर पुन्हा «एक» म्हणा, मग सोडा. आकडे सुटे सांगा: «चार पाच, पंचेचाळीस». सात, आठ, साठ हे तर खरखरीत भाऊभाऊच वाटतात. आणि नकारार्थी वाक्य टाळून होकारार्थी शब्द ठरवा: «बोट अडली», «रस्ता बंद», «माणूस बेपत्ता». «नाही»वर कोणताही निर्णय टांगलेला ठेवू नका. नावांचंही तसंच. पथकात तीन पाटील आणि पाच दादा असतात. नावांऐवजी कामाची हाक ठरवा: नियंत्रण, बोट एक, बोट दोन, शाळा, पूल.

बोलणं असं दिसतं:

«नियंत्रण, नियंत्रण, बोट दोन. ओव्हर.»
«बोट दोन, बोला. ओव्हर.»
«मारुती मंदिरामागे. माणसं सहा, त्यात म्हातारी एक, चालता न येणारी. स्ट्रेचर हवं. ओव्हर.»
«मारुती मंदिरामागे, माणसं सहा, एक चालता न येणारी, स्ट्रेचर. पाठवतो. ओव्हर.»

नियंत्रणाने परत म्हणून दाखवलं, हे सगळ्यात महत्त्वाचं. परत न म्हणलेला निरोप पोचला असं धरायचं नाही.

आता नियंत्रणावर कोण बसणार? सरपंच किंवा पथकप्रमुख नव्हे. प्रमुखाच्या हातात सेट दिला की तो दर मिनिटाला कोणाला तरी उत्तर देत राहतो आणि विचार करायचा थांबतो. सेट शांत आवाजाच्या, अक्षर बरं असलेल्या माणसाकडे द्या (गावातल्या प्राथमिक शिक्षिका यात हमखास सरस ठरतात). प्रमुख शेजारी बसून ऐकेल, निर्णय देईल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या प्रतिसाद प्रणालीचाही सांगावा तोच आहे: एका माणसाला हुकूम एकाकडूनच, आणि एकाच्या हाताखाली साधारण पाचच जण. सरपंच, तलाठी आणि मंडळाचा अध्यक्ष तिघांकडे सेट असले आणि तिघांनी बोटीला वेगवेगळीकडे पाठवलं, तर बोट मध्येच गरगरत राहते.

म्हणून माणसागणिक सेट घेऊ नका, तुकडीगणिक घ्या. वर सांगितलेल्या पथकाला आठ पुरतात: नियंत्रणाला एक, दोन बोटींना दोन, निवाऱ्याला एक, पुलावर पाणी बघणाऱ्याला एक, मधल्या निरोप्याला एक, आणि दोन राखीव. चॅनेल एकच, आठ सेटांना दोन चॅनेल केले की निम्मं पथक निम्म्याला मुकतं. दुसरा चॅनेल ठरवून ठेवा, पण पहिल्यावर कोणी बाहेरचा बोलत असेल तेव्हाच वापरा. «थांबा, थांबा, थांबा» ऐकलं की ज्याने म्हटलं त्याच्याशिवाय सगळे गप्प. दर अर्ध्या तासाने नियंत्रण सगळ्यांना नावानिशी हाक मारेल. दोनदा हाकेला उत्तर न आल्यास माणूस पाठवायचा.

नियंत्रणाजवळ सेटइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे दोनशे पानी वही. चार रकाने: वेळ, कोण, निरोप, काय केलं. बोट सुटण्याआधी बोटीत किती माणसं हे विचारून लिहायचं, आणि क्षमतेपेक्षा एकही जास्त असेल तर «थांबा» म्हणायचा अधिकार वहीवाल्याला द्यायचा. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

हा सेट काय करू शकत नाही तेही सांगायला हवं. तो गावाबाहेर जात नाही. ३० जुलै २०१४ ला माळीणवर दरड कोसळली ती खबर बाहेर आली एसटीच्या चालकामुळे. गाडी घेऊन गेला तेव्हा गावच जागेवर नव्हतं. अशा वेळी गावातल्या गावात बोलणारे आठ सेट काय कामाचे? तालुक्याशी जोडणारा दुवा वेगळा लागतो: १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्ष, ११२, जवळच्या पोलीस ठाण्याचा वायरलेस, जवळपास हॅम परवानाधारक असेल तर त्याच्याशी आधीच ओळख. फोन बंद पडले तर मोटारसायकलवरून निरोप कोण नेणार आणि कोणत्या रस्त्याने, हे नाव घालून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लोकांना सूचना द्यायलाही हा सेट नाही. त्यासाठी मंदिराचा भोंगा किंवा बॅटरीवरचा हातकर्णा लागतो.

घ्यावा का? पथक वर्षातून दोनदा तरी सराव करणार असेल तर नक्की. मे महिन्याच्या शेवटी एक माणूस सेट घेऊन गावभर फिरतो, दर दोनशे पावलांवर हाक मारतो, गच्चीवरचा एक ते पाच गुण देतो, आणि नकाशावर लाल खुणा होतात, एवढं करायची तयारी नसेल तर पैसे दोरखंड आणि लाइफ जॅकेटवर घाला.

पावसाळा संपला की बॅटऱ्या सेटमधून काढून साधारण अर्ध्या चार्जवर, कोरड्या डब्यात ठेवा. प्रत्येक बॅटरीवर विकत घेतल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि डब्याची किल्ली दोघांकडे ठेवा, त्यातला एक नदीच्या या बाजूला राहणारा, दुसरा त्या बाजूला.