प्रोफाइलिंगचं यंत्र घेताना: हातातलं, टेबलावरचं की प्रिंटरच्या पोटातलं?

गेल्या दोन-तीन महिन्यांत तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघांकडे ४४ इंची प्रिंटर आहे, तिघेही चित्रकारांची कामं छापतात, आणि कागदवाल्याच्या तयार प्रोफाइलवर आतापर्यंत भागवत आलेत. आता एखादा चित्रकार गाळ्यात उभा राहून "अहो, माझा गेरू असा नाही" म्हणाला की त्यांना उत्तर सुचत नाही. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. प्रोफाइल म्हणजे अमुक प्रिंटर अमुक कागदावर कोणता रंग कसा छापतो याचा हिशेब, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे त्यासाठी छापलेला रंग मोजणारं यंत्र; बाकीचं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

सगळ्यात स्वस्त पर्यायापासून सुरुवात. कलरचेकर स्टुडिओ म्हणजे २००८ साली आलेल्या कलरमंकीचाच वंशज. मधल्या काळात त्याचं नाव आयवन स्टुडिओ होतं. वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला तेव्हा पहिली दोन वर्षं मी त्यावरच काढली, आणि त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. सोबतचं सॉफ्टवेअर पन्नास पॅचचा, म्हणजे रंगाच्या चौकोनांचा, एक छापलेला चार्ट वाचून घेतं आणि त्यावरून पन्नासचा दुसरा बनवतं. एवढ्यावर निघणारं प्रोफाइल ग्लॉसी फोटो कागदाला बऱ्यापैकी पुरतं. अर्गिल हे फुकटातलं सॉफ्टवेअर शिकायची तयारी असेल तर याच यंत्राकडून कितीतरी जास्त पॅच वाचून घेता येतात, आणि प्रोफाइल एकदम सुधारतं. महिन्याला एखादंच प्रोफाइल लागत असेल तर मोठ्या यंत्रांच्या निम्म्याहूनही बऱ्याच कमी पैशात काम होतं. तसं असेल तर हेच घ्या आणि पुढचं वाचायचं सोडून द्या.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो.

डहाणूकडच्या एका वारली चित्रकाराची सहा चित्रं मोठी करून छापायची होती. कापडावर गेरूचा थर आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या रेषा. गेरूची मला धास्ती होती, पण तो पहिल्याच प्रूफला जमला. फसलो ते पांढऱ्यात. तांदळाचा पांढरा मुळातच थोडा उबदार, म्हणून त्या रेषा कोऱ्या कागदावर सोडता येत नाहीत. त्यात अगदी हलका रंग भरावा लागतो. ग्राहकाला कागद हवा होता कापसाचा, पण चांगला शुभ्र. शुभ्र म्हणजे त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन, आलाच. माझ्या ५००० केल्विनच्या, दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली प्रिंट सुरेख दिसली. ग्राहकाने ती घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये पिवळसर एलईडीखाली टांगली आणि संध्याकाळी फोटो पाठवला. रेषा जुन्या दाताच्या रंगाच्या दिसत होत्या.

कारण समजायला मला फार वेळ लागला नाही, आणि त्याची लाजही वाटली. चार्ट मोजायच्या एम-झिरो, एम-वन, एम-टू अशा पद्धती असतात, आणि घाईत मी तो एम-झिरोने वाचला होता. त्या पद्धतीत यंत्राच्या दिव्यात अतिनील किरण असतात. ते ब्राइटनरवर पडले की कागद निळसर उजळतो, आणि यंत्राला वाटतं की कागदच निळा आहे. मग प्रोफाइल तो निळा मारायला हलक्या छटांत पिवळा ओततं. घरातल्या एलईडीत अतिनील जवळपास नसतंच, त्यामुळे कागद उजळत नाही आणि ओतलेला पिवळा तेवढा उरतो. एम-टूमध्ये अतिनील वगळलेलं असतं, एम-वनमध्ये ते डी-५० या दिवसाच्या प्रमाणित प्रकाशाच्या हिशेबात असतं. कोणतं वापरायचं ते प्रिंट कुठे टांगली जाणार यावर ठरतं, आणि ते बहुतेक वेळा प्रिंट टांगल्यावरच कळतं.

म्हणजे चार्ट पुन्हा वाचणं आलं. तेव्हा माझ्याकडे जुन्या पिढीचं हातात धरायचं यंत्र होतं. त्यात एम-वन आणि एम-टू हवं असेल तर पट्टीवरून प्रत्येक ओळ दोनदा घ्यावी लागते, दोन फेऱ्या. ९१८ पॅचचा चार्ट, २७ पॅचच्या ३४ ओळी, म्हणजे ६८ फेऱ्या. यात यंत्राचा काही दोष नव्हता. महिना जुलैचा होता. ठाण्याच्या जुलैत कापसाचा कागद पापडासारखा कडा उचलतो. पट्टी दाबून धरली तरी मधे कुठेतरी फुगवटा राहतोच. यंत्राचा पाय त्यावर क्षणभर अडखळला की संगणक नाराजीचा आवाज काढतो, की ती ओळ पहिल्यापासून. कागदावर वारं नको म्हणून पंखा बंद होता. एकोणिसाव्या ओळीवर कपाळाचा घाम टपकन चार्टवर पडला, गडद जांभळ्याच्या तीन पॅचवर. चार्ट परत छापला, परत एक दिवस वाळवला. तो वाळत असताना मी ठरवलं की यापुढे एकाच फेरीत सगळं देणारं यंत्र, मग पैसे कितीही जावोत.

२०१९ साली आलेलं आयवन प्रो ३ नेमकं हेच करतं. ओळ एकदा ओढली की एम-झिरो, एम-वन आणि एम-टू तिन्ही रीडिंग मिळतात. प्रोफाइल कोणत्या रीडिंगवर करायचं ते नंतर, ग्राहकाचा फोटो आल्यावर ठरवलं तरी चालतं. माझ्यापुरतं एवढंच पुरेसं होतं. कोणी म्हणेल की अचूकतेतही फरक पडला असेल, पडला असेलही. मी तो मोजलेला नाही. नव्या यंत्राचं प्रोफाइल आलं की मी राखाडी छटांची एक पट्टी छापून खिडकीशी नेतो, आणि माझ्या डोळ्याला ती पूर्वीपेक्षा शांत दिसते. याहून जास्त पुरावा माझ्याकडे नाही.

साधं ३ घ्यावं की ३ प्लस, यावर माझं मत जरा ठाम आहे, पण ते माझ्या कामावरून आलेलं आहे. ज्यातून यंत्र पॅच बघतं ते छिद्र साध्याचं ४.५ मिलिमीटरचं, प्लसचं ८ मिलिमीटरचं. ऐकायला फरक लहान वाटतो, पण क्षेत्रफळ तिपटीहून जास्त आहे. कॅनव्हासच्या विणीत उंचवटे असतात आणि खड्डे असतात, आणि प्रत्येक खड्ड्यात बारीकशी सावली. लहान छिद्राखाली दोन-चार धागेच येतात. एखादा खड्डा नेमका मध्ये आला की पॅच आहे त्यापेक्षा गडद मोजला जातो. मोठ्या छिद्रात ते चढउतार आपसात मिटतात. जाड पोताच्या वॉटरकलर कागदालाही हेच लागू. किंमत मोजावी लागते ती कागदात: पॅच मोठे, म्हणून चार्ट लांबलचक. रोलवर छापणाऱ्याला चार-सहा इंच इकडेतिकडे काही वाटत नाही. सुटी पानं छापणाऱ्याला वाटेल, आणि गुळगुळीत कागदावरच काम असेल तर साधं ३ अगदी पुरेसं आहे.

प्लसबरोबर पोलरायझिंग फिल्टर येतो, म्हणजे एम-थ्री. वार्निश मारलेल्या चकचकीत कॅनव्हासच्या काळ्यात दिव्याची चमक शिरते. फिल्टर ती चमक कापतो. मी तो आतापर्यंत दोनदाच वापरलाय. त्याने मोजलेला काळा डोळ्याला दिसणाऱ्या काळ्यापेक्षा गडद भरतो, म्हणून सरसकट लावायचा माझा तरी धीर होत नाही. फक्त फिल्टरसाठी प्लस घेऊ नका.

टेबल, म्हणजे आयवन आयओ. हेच यंत्र एका यांत्रिक हातात बसवायचं, चार्ट टेबलावर ठेवायचा आणि तो हात सगळे पॅच आपणहून वाचतो. तुर्भ्याच्या एका मित्राकडे आहे. तो चार्ट लावून खाली कटिंग प्यायला जातो, आणि परत येईपर्यंत काम झालेलं असतं. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याकडे आठवड्याला चार-पाच नवे कागद येतात. माझ्या गाळ्यात प्रिंटर, कटिंग टेबल आणि वाळत घातलेल्या प्रिंटा यांच्यात आणखी एक टेबल मांडायचं म्हणजे मलाच बाहेर उभं राहावं लागेल. एकदम पाच-सहा कागद आले की मी चार्टांची गुंडाळी घेऊन त्याच्याकडे जातो. बदल्यात त्याचे कॅनव्हास माझ्याकडे येतात. तुमचं काम वाढत असेल तर प्लस आधी घ्या, टेबल मागाहून जोडता येतं. त्यासाठी यंत्र बदलावं लागत नाही.

प्रिंटरच्या पोटातला स्पेक्ट्रोफोटोमीटर, जो एचपीच्या झेड मालिकेतल्या काही प्रिंटरांत मिळतो, नवाच प्रिंटर घेणाऱ्याने जरूर विचारात घ्यावा. तिथे घाम नाही की पट्टी नाही. माझी अडचण वेगळी आहे. तो त्याच प्रिंटरवर चढलेला कागद मोजतो, मूळ चित्राला हात लावू शकत नाही. मी गेरू मोजतो तो चित्रकाराकडूनच. चित्रावर यंत्र टेकवायला कोणीही कचरतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून त्याच कापडाचा, त्याच गेरूने रंगवलेला चार बोटं रुंद तुकडा मागून घेतो. त्या तुकड्यावर यंत्र टेकवून घेतलेले आकडे समोर असले की "माझा गेरू असा नाही" या वाक्यावर बोलायला काहीतरी हातात असतं.

सेकंडहँड घेणार असाल तर एक गोष्ट बघून घ्या. या यंत्रासोबत पांढऱ्या टाइलची बैठक येते, मोजायच्या आधी यंत्र जिच्यावर जुळवून घेतात ती, आणि तिच्यावरचा क्रमांक यंत्राच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. टाइल त्याच यंत्रासाठी मोजलेली असते. दुसऱ्याची लावली तर सगळी रीडिंग थोडी थोडी सरकतात आणि कुठेच काही ओरडत नाही. तुर्भ्याच्या मित्राची आणि माझी बैठक एकदा अदलाबदल झाली होती. आठवडाभर दोघेही आपापल्या प्रिंटरचं हेड साफ करत बसलो. आता माझ्या बैठकीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे.

प्रत्यक्ष हाताळून बघायचं असेल तर ओळखीने गाळ्यावर या, तुमच्या कागदाचा चार्ट आपण प्लसवर वाचून बघू. फक्त तो आदल्या दिवशी छापलेला असू द्या, आणि पावसाळा असेल तर गुंडाळी न करता दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट घालून आणा.