सरकारी कॅराव्हॅन पार्क, दक्षिण गोवा: डिसेंबरात ४ स्टार, जूनमध्ये दीड

आधीच सांगते, जागेचं नाव आणि खातं कुठलं ते मुद्दाम लिहीत नाहीय. तिथे राबणाऱ्या एखाद्या माणसाची नोकरी माझ्या रिव्ह्यूमुळे जायला नको, आणि जे राहून आलेत ते वाचून ओळखतीलच. जागा सरकारची, चालवायला ठेकेदाराला दिलेली, गाडीत राहणाऱ्यांसाठी १४ स्लॉट, माडांची बाग, समुद्र चालत दहा मिनिटं.

आम्ही फोंड्याचे. नवऱ्याने लॉकडाऊननंतर एक जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली, सीटा काढल्या, दोन बेड, छोटा ओटा, वर सोलर आणि कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून ओतायची असते ते) बसवून घेतलं, घरात सगळे हसले, सासूबाई म्हणाल्या घर आहे ना चांगलं मग डब्यात कशाला झोपायचं, आणि आता पहिली सीट त्याच पकडतात. पण गाडी घेतली तरी ती लावायची कुठे हा गोव्यात मोठाच प्रश्न आहे. किनाऱ्याजवळ कुठेही लावून चूल मांडली की दंड. २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आली, तेव्हाच एकट्याला २००० आणि घोळक्याला १०००० दंड ठेवला होता. बरोबरच केलं म्हणा, जेवून झाल्यावर पत्रावळी आणि बाटल्या तिथेच टाकून जाणारे आपण बघितलेत. पण मग जो नीट राहतो त्याला लाइट, पाणी आणि टॉयलेटची टाकी ओतायला जागा मिळेल असं ठिकाण हवं ना, ते हे. म्हणून कल्पनेला माझे पूर्ण मार्क.

आता मी कशी बघते ते पण सांगते, नाहीतर म्हणाल बाई फारच चिकित्सक. आमच्या सोसायटीचं मेंटेनन्स सहा वर्षं माझ्याकडे होतं. त्यामुळे मी कुठेही गेले की आधी झाकणं बघते. व्ह्यू नंतर. गटाराचं झाकण, सेप्टिकचं झाकण, मीटरबॉक्सचं झाकण. ती झाकणं बघितली की बाकीचं कळतंच.

डिसेंबरात गेलो तेव्हा नाताळाच्या आधीचा आठवडा होता, ९०० रुपये रात्र, लाइट त्यातच. बरोबर माझा आतेभाऊ, कॅलिफोर्नियाला असतो, दादा म्हणते मी त्याला. गेटच्या बाजूला चिऱ्यांची एक खोली, त्यात केअरटेकर मामा राहतात. पहिल्याच संध्याकाळी बघते तर मामा कळशी घेऊन प्रत्येक स्लॉटच्या लाइटच्या बॉक्सच्या मागच्या खड्ड्यात पाणी ओततायत. मला वाटलं झाडं आहेत. झाडं कसली, अर्थिंगचे खड्डे! जांभ्याची जमीन, पाणी धरत नाही, पाऊस गेला की सुकते आणि सुकली की अर्थिंग नावापुरतं राहतं. हे त्यांना कोणी लिहून दिलेलं नाही, आधी कुठल्यातरी खाणीवर लाइटच्या कामाला होते तिथून शिकले.

दुसरी गोष्ट. आमच्या ५ नंबरच्या बॉक्समध्ये १६ अँपिअरच्या सॉकेटचं झाकण होतं ना, त्याची स्प्रिंग खाऱ्या वाऱ्याने गंजून गेलेली. मामांनी सायकलच्या ट्यूबची एक बोटभर पट्टी कापून झाकणावरून ताणून मागच्या स्क्रूला अडकवलेली. बघायला भिकार, पण झाकण घट्ट बंद. सगळ्या १४ बॉक्सना तशीच काळी पट्टी. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टॉयलेटची टाकी ओतायला गेलो तर मामा आधी कॅन उघडून वास घेतात. खरंच! कारण बाहेरचे लोक ते निळं केमिकल घालतात. मला म्हणाले, "बाये, तें निळें वखद घालूं नाकात, टाकयेंतले जीव मरतात." म्हणजे ते निळं औषध घालू नका, टाकीतले जीव मरतात. फॉर्मॅलिनवालं केमिकल सेप्टिकमध्ये गेलं की मैला कुजवणारे बॅक्टेरियाच मरतात, मग टाकी पोटात धरून बसते. त्यांच्याकडे गेटवर दुसऱ्या पुड्या ठेवलेल्या, स्वतःच्या पैशाने आणलेल्या, २० रुपयाला एक. पावती नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

सकाळी साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत आत येतो, उंडे आणि पोळी (दोन्ही गोव्याचे पावच), समोरच्या बाईकडून पातळ भाजी, आणि आपण गाडीच्या पायरीवर बसून खायचं. एवढ्यासाठीच मी परत जाईन खरं तर.

एका रात्री दादाने सांगितलं की तो राहतो ते पण असंच, फक्त मोठं. सनीवेलला मोबाइल होम पार्कमध्ये त्याचं घर आहे. घर त्याचं स्वतःचं, खालची जमीन दुसऱ्याची, तिचं महिन्याचं भाडं. नाव मोबाइल होम, पण एकदा बसवलं की हलवायचा खर्च इतका की कोणी हलवत नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू तिथे मुंडकारच की रे!" आम्ही सगळे हसलो पण बाई अगदी बरोबर बोलल्या. मुंडकार म्हणजे तेच, घर आपलं आणि भाट भाटकाराचं, जमीनमालकाचं. सासूबाईंच्या माहेरचं घर मुंडकारीच होतं, त्यामुळे १९७५ चा कायदा त्यांना तोंडपाठ. भाटकाराला वाटलं म्हणून काढता येत नाही, आणि घराखालची जागा, गावात असेल तर निदान ३०० चौरस मीटर, विकत घ्यायचा हक्क. दादा म्हणाला आमच्याकडे असा सरळ हक्क नाही, मालकाने पार्क बंद करून जमीन विकायचं ठरवलं तर लोकांची पंचाईत. त्याच्या जवळच पालो आल्टोला बुएना व्हिस्टा म्हणून पार्क आहे, सुमारे ४०० लोकांचं, मालकाने २०१२ मध्ये बंद करायचा अर्ज टाकला, लोक पाच वर्षं भांडले, शेवटी २०१७ मध्ये कौंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) हाउसिंग ऑथॉरिटीने ते विकत घेतलं. म्हणजे सरकारी झालं, लोकांच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली.

मी विचारलं, आणि पाइप? तो म्हणाला पाइप तेच, मालक बदलला म्हणून जमिनीखालचं काही नवं होत नाही. पण दोन नियम त्याने सांगितले ते मला फार आवडले. एक, भाडं वाढवायचं तर ९० दिवस आधी लेखी नोटीस. दुसरा, ५० किंवा जास्त घरं असतील तर जबाबदार माणूस पार्कातच राहायला पाहिजे, तसा तिथला कायदाच आहे. मी गेटजवळच्या खोलीकडे बघितलं, मामा बाहेर खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते.

आता जून.

दुसऱ्या आठवड्यात गेलो, पावसातला समुद्र बघायची हौस, आणि स्लॉट फोनवर लगेच मिळाला, तिथेच शंका यायला हवी होती. दर १२०० झालेला. फोनवर ९०० सांगितले होते, गेटवर १२००, बोर्डावर अजून ९००च. विचारलं तर "नवीन ठेका, मॅडम". एप्रिलपासून ठेकेदार बदलला. गेट नवीन, त्यावर सोनेरी अक्षरं, आत एक सेल्फी पॉइंट, फायबरचा मोठा मासा, त्याच्या तोंडात उभं राहून फोटो काढायचा. मामांच्या खोलीला कुलूप. तिथे आता एक मुलगा येतो, सकाळी ९ ते ६, चांगला मुलगा, त्याचा काही दोष नाही, पण त्याला कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत नाही आणि कोणी दाखवलंही नाही.

सगळे बॉक्स निळ्या ऑइलपेंटने रंगवलेले. छान दिसत होते. रंगवताना नंबर पण रंगाखाली गेले, आणि ट्यूबच्या काळ्या पट्ट्या काढून टाकलेल्या, घाण दिसतात म्हणून असणार. झाकणं लोंबकळत होती.

रात्री अकराला पश्चिमेकडून आडवा पाऊस सुरू झाला. आमचा बॉक्स नेमका त्याच बाजूला तोंड करून. दहा मिनिटांत टक्, लाइट गेली. नवऱ्याने रेनकोट घालून जाऊन इएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) वर केला, परत टक्. तीन वेळा. ट्रिप होतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय हे कळत होतं, पाणी सॉकेटमध्ये शिरलेलं, पण आख्खी लाइन एकाच इएलसीबीवर, त्यामुळे आमच्यामुळे बाकीचे तीन गाडीवाले पण काळोखात. गेटवर लिहिलेला इमर्जन्सी नंबर लावला, बंद. दादाला व्हिडिओ कॉल केला, त्याच्याकडे सकाळचे अकरा वाजत आलेले, तो म्हणाला पहिलं तुमची वायर काढा आणि त्या बॉक्सला हात लावू नका. ते केलं. मग बाकीच्यांची लाइट आली, आमची रात्र सोलरच्या बॅटरीवर, एक छोटा फॅन सासूबाईंच्या तोंडावर आणि आम्ही दोघं घामात.

सकाळी टाकी ओतायला गेलो तर सेप्टिकच्या झाकणाच्या कडेने पाणी वर आलेलं. फोटो काढलाय पण टाकत नाही, लोक जेवत असतील. गोव्यात हे कोणालाही विचारा, पाऊस धरला की जमिनीतलं पाणी वर येतं आणि सोकपिटमध्ये (शोषखड्ड्यात) काही झिरपत नाही, म्हणून टाकी पावसाच्या आधी उपसायची असते. आमच्या सोसायटीत १५ मेच्या आत टँकर येतो म्हणजे येतो, मग कोणी कितीही कटकट करो. मी त्या मुलाला विचारलं टँकर कधी आलेला. तो म्हणाला, मॅडम टँकरचं माझ्याकडे काही नाही, त्याचं टेंडर वेगळं.

आणि इथेच खरी गोम आहे. मी त्याच्याशी अर्धा तास बोलले, चहा पण पाजला. भाड्याचे पैसे ऑफिसला जातात. लाइटचं काम एका खात्याकडे, सांडपाणी दुसरीकडे, माड कोणाचे ते कोणालाच माहीत नाही. त्याच्या हातात १०० रुपये पण नाहीत, सॉकेटचं झाकण बदलायचं तर अर्ज. सेल्फीचा मासा मात्र एका फटक्यात पास झाला, कारण तो नवीन काम आहे, त्याचं उद्घाटन करता येतं. उपसलेल्या टाकीचं उद्घाटन कोण करणार? आम्ही सोसायटीत दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतो, पंप जळला की कोणाच्या सहीची वाट न बघता त्याच दिवशी रिवाइंडिंगला. इथे १४ स्लॉट, सीझनला फुल असतात, त्या भाड्यातला थोडा भाग तिथेच ठेवला तरी बास झालं असतं.

माडांचं राहिलं. मामा पाडेलीला, म्हणजे माडावर चढणाऱ्याला, बोलावून सीझनच्या आधी नारळ आणि सुकी चुडतं (झावळ्या) काढून घ्यायचे. जूनमध्ये ७ नंबरवर पुण्याचं एक जोडपं होतं, त्यांच्या छतावरच्या व्हेंटवर वाळलेलं चुडत पडलं, फायबरला हातभर चीर. बिचारा माणूस पावसात छतावर चढून एमसील लावत होता. नारळ पडला असता तर खाली बेडच होता.

आम्ही तीन रात्री भरलेल्या, एक राहून निघालो, उरलेले पैसे मागितले तर म्हणे पॉलिसी नाही. लेखी तक्रार दिली, पोच घेतली, अजून उत्तर नाही.

येताना पेट्रोल पंपाजवळच्या हॉटेलात मामा दिसले, आता तिथे रात्रीचे वॉचमन आहेत. पट्ट्या काढल्या सांगितल्यावर काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "बॉक्सांच्या मागचे खड्डे भरले की नाही?" पावसात कसले भरायचे मामा म्हटलं, तेव्हा हसले.

तर जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा, आणि बुक करताना दर विचारू नका, गेटजवळच्या खोलीत रात्री कोणी झोपतं का ते विचारा. नाही म्हणाले तर स्वतःचा इएलसीबीवाला बोर्ड, २० मीटर वायर आणि सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा बरोबर ठेवा. ७ नंबर घेऊ नका, सावली चांगली आहे पण वर बघा. समोरच्या बाईची पातळ भाजी आठला संपते.